शेरा

भांगाची ओहोटी. ऐरोलीच्या पुलाखाली
हासुराम दोर ओढतो तेव्हा आधी गाळ येतो,
मग कालवांची खपली,
मग आमचं सातवं यंत्र, काळं, हातभर,
आठ महिने खाडीच्या तळाशी उभं राहून ऐकणारं.

"काय बोलली मासली?"
प्रत्येक यंत्राला तो हेच विचारतो.

मी लॅपटॉप मांडीवर घेते.
जिताडा, क्रमांक एक्केचाळीस.
पोटात पेराएवढी कुपी ठेवून, दोन टाके घालून सोडलेला.
दर नव्वद सेकंदांनी तिची एक टकटक
जी त्याला ऐकू येत नाही, मला नाही,
हासुरामलाही नाही,
ज्याचा बाप वल्ह्याचा दांडा कानाशी धरून
सांगायचा, ढोमी कुठे घुमतेय.

नोंदी सरकतात.
आषाढात वाशीच्या पुलाखाली, पहाटे तीन.
दिवाळ्याच्या तोंडाशी दोन आठवडे रेंगाळला.
पुन्हा वर, ठाण्याकडे, कुठल्या भुकेने कोण जाणे.
कारखान्याचं पाणी सुटलं त्या रात्री
सगळे एकदम खाली पळाले, सोळाच्या सोळा.
आणि नऊ ऑक्टोबरनंतर
एक्केचाळीस नाही.
सातांपैकी एकालाही नाही.

यंत्राला ऐकू येतं तिथवरच खाडी.
पलीकडचं लिहायला रकाना नाही.

हासुराम बराच वेळ दोर गुंडाळत राहतो.
मग बंडीतून वर्तमानपत्राची पुडी काढतो.
"बायनं चिरला तवा घावली.
आमाला वाटला दवाखान्याचा काय तरी.
देवांजवल ठेवली व्हती. हलद लागलीय, पुसून घे."

कुपीवर चार, एक. आणि बारीक अक्षरात :
सापडल्यास कळवा.

होडीतलं पाणी उपसायच्या डब्यात मी ती टाकते,
त्यातच यंत्राचं डोकं बुडवते.
नव्वद सेकंद.
वर टँकर जातो, पूल थरथरतो.
चिखलात एक निवटी उडी मारून विसरते कशासाठी ते.
हिरवा दिवा मिचकतो.

सकाळी अकरा चाळीस. एक्केचाळीस. खोली एक वीत.

"बोलली?"
"बोलली."

अशी नोंद पुसून टाकायची असते.
मी शेऱ्यात लिहिते :
दिवाळे कोळीवाडा, बाळकीबायच्या हातचं कालवण,
पाच माणसं जेवली.

खांद्यावरून वाकून हासुराम अक्षरं लावतो.
"सा लिव," म्हणतो,
"शेजारची नमू पन व्हती."