कथील ऐकणारा

सियागंजातलं छाजेड भावांचं दुकान पाडायला घेतलं
तेव्हा मी हिशेबाला गेले होते,
तिघांच्या वाटणीच्या.
माळ्यावरून एक बाड खाली आलं.
पाठीवर सोनेरी अक्षरं, अर्धी उडालेली:
मॅकार्डल आणि हॅलम, कथील गाळणारे व विकणारे,
पिनांग, मुंबई, इंदूर.
थोरला म्हणाला, रद्दीत देऊन टाका ना ताई.
मी घरी आणलं.

सुरुवातीची पानं मोडीत.
बोट ठेवून, अडखळत वाचते.
कंपनी तरुण आहे, आकडे ताठ उभे आहेत.
पेराकच्या नदीत कमरेइतक्या पाण्यात
काळी वाळू चाळणारे चिनी मजूर
ह्या वहीत नाहीत.
त्यांच्या जागी दोन शब्द आहेत: माल आला.
पिनांगला गाळला, बोटीनं मुंबईला,
खंडव्याला गाडी बदलून, घाट चढून इथवर.
पन्नास शेरी लगडी, प्रत्येकीवर हत्तीचा शिक्का.
घट: पाव शेर. कारण: प्रवास.

१९११ पासून अक्षर बदलतं.
अच्युत बाळाजी सबनीस, कारकून,
पगार अठरा रुपये कलदार,
काम: कथील ऐकणे.

खरंच तसं लिहिलंय.

शुद्ध कथील वाकवलं की रडतं.
कांडी कानाशी धरायची, हळूच वाकवायची,
आत काहीतरी करकरतं,
झोपेत कुणी दात खावेत तसं.
शिसं मिसळलेलं असलं
की ते गप्प बसतं.

समुद्र कधी न पाहिलेला हा माणूस
एकतीस वर्षं समुद्रापलीकडचं रडणं
समासात नोंदवत बसला.
रडलं. रडलं. रडलं.
पानंच्या पानं.
एका श्रावणातल्या मंगळवारी:
रडलं. आज घरीही.
पुढे खुलासा नाही. दुसऱ्या दिवशी अकरा लगडी.

उधारीच्या पानावर रमजानी कल्हईगर,
पाव शेर, अर्धा शेर,
लग्नसराईनंतर फेडीन ह्या बोलीवर.
फेडलेलं दिसतं. दर वर्षी.
एकदा पैशांऐवजी
सबनिसांच्या घरचे नऊ टोप आणि एक पातेलं.

मग बेचाळीस.
पानाला टाचलेली तार: पिनांग गेलं. माल नाही.
चार महिन्यांत शहर कळकायला लागलं.
आमट्या कळकल्या, ताक हिरवं पडलं,
पंगतीतून माणसं पोट धरून उठली.
आणि भाव?
भावाच्या रकान्यात आकडे मावेनात,
तिरपे लिहिलेत.

श्रावणात मुंबईहून पेट्या आल्या.
हत्ती नाही.
समासात पहिल्यांदाच वेगळा शब्द:
गप्प.
खाली पुन्हा: गप्प.
मग कंपनीच्या पत्राची नक्कल, एकच ओळ:
माल नेहमीचाच समजावा.

त्याखाली
रडलं.

मी भिंग लावून पाहिलं.
दुसऱ्या कुणाचं अक्षर असतं
तर बरं झालं असतं.
अक्षर त्याचंच आहे.
फक्त र वाकलाय.

आठ दिवसांनी नोंद:
रमजानीनं अर्धा शेर परत आणला.
म्हणाला, चकाकी आहे बाबूजी, आवाज नाही.
पैसे मागितले नाहीत.

कंपनी पुढे पाच वर्षं चालली.
विलायतेत कुणाच्या तरी नावावर नफा जमा झाला,
छाजेडांच्या आजोबांनी गाळा घेतला,
स्टीलची भांडी आली,
कल्हई म्हणजे काय
हे माझ्या मुलीला मला हातवारे करून सांगावं लागलं.

टेबलावर तिघा भावांचा ताळेबंद आहे.
गाळ्याची किंमत त्यांनी तोंडी सांगितली,
खरी किती ते बाजाराला ठाऊक, मलाही.
धाकट्याला ठाऊक नाही.
तो रकाना मी अजून भरलेला नाही.

थोरल्याचा फोन
सकाळपासून येऊन राहिला आहे.