फक्त एक पायरी

नतेलाच्या नातवाचा बाप्तिस्मा रविवारी.
आज मंगळवार. मी फोन घेऊन बसले आहे.

"तुमच्याकडे पायऱ्या आहेत का?"
"छे, नाहीत."
"एकही?"
"एक आहे. पण तिला काय पायरी म्हणायचं!"

तिबिलिसीत अशा पायऱ्या फार,
ज्यांना कुणी पायरी म्हणत नाही.
सोलोलाकीतल्या बेकरीची सतरा सेंटिमीटर,
पुस्तकाच्या दुकानाची अकराच, पण निसरडी,
दंतवैद्याच्या दारातली मधोमध झिजलेली,
शंभर वर्षं सगळ्यांनी तिथेच पाय ठेवला
मी सोडून.
माणसानं आपली पायरी ओळखून असावं म्हणतात.
मी अख्ख्या शहराच्या ओळखते.

वाझाकाका रागावलेत,
तीन वर्षं झाली, तू आमची पायरी चढली नाहीस.
काका, मी कुणाचीच चढत नाही.
तुमची लिफ्ट नाणं गिळते
आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधेच कुठेतरी थांबते.

"काळजी नको, आमचे चार वेटर तगडे आहेत!"
हे प्रत्येक जण सांगतो, न विचारता.
पाहुणा देवानं धाडलेला, अशी इथली समजूत.
म्हणूनच असेल, मूर्तीसारखं उचलतात.
गोगीच्या पन्नाशीला असंच उचललं,
एकाच्या तोंडात सिगारेट,
माझा झगा गुडघ्यावर सरकलेला,
दोन्ही हात खुर्चीला घट्ट,
ओढून घ्यायला तिसरा नव्हता.
वर पोचलो तेव्हा टाळ्या पडल्या.
मीही हसले. हसावंच लागतं,
उतरायचं त्याच हातांनी असतं.

आणि संडास तळघरात, चौदा पायऱ्या खाली.
म्हणून अशा दिवशी सकाळपासून पाणी नाही.
वाईन नुसती ओठाला.
गेलेल्यांच्या नावानं सगळे उभं राहून पितात,
माझ्यासमोर तेव्हा पट्ट्यांच्या बकलांची रांग.
मी आईच्या नावानं पिते. एक घोट, मोजून.
आई असती तर रागावली असती.

गुरुवारी नतेलाचाच फोन.
चाळीस वर्षं कपडे बेतले तिनं,
टेप गळ्यातच असते.
"दार एकाहत्तर. तुझी खुर्ची?"
"चौसष्ट."
"मग झालं. उंबरा नाही.
चपला काढून, डोळे मिटून
पाय घासत आत गेले. कुठे अडखळले नाही.
संडास त्याच मजल्यावर. आत कांद्याची पोती होती,
काढायला लावली.
खुर्ची आत नेऊन बसूनही बघितलं,
दार लागतं.
मालक विचारत होता, कोण मंत्रीबाई येणार आहे का?
मी म्हटलं, हो."

एक मात्र विसरली. गल्ली गोट्यांची.
रविवारी दात वाजत, कण्हत कुथत गेलो,
तिची सून ढकलतेय, मी चाकांना शिव्या देतेय,
दोघींच्या कपाळाला घाम.
मग दार.
मग आत.
एवढंच. मधे काहीच नाही.
मी मागे वळून पाहिलंसुद्धा,
काहीतरी राहून गेल्यासारखं.

घरून तीन वाक्यं तयार करून आणली होती,
हसून नको म्हणायची,
शेवटचं जरा कडक.
कुणी विचारलंच नाही.
लांब टेबलाशी एक जागा
खुर्ची न मांडता मोकळी ठेवलेली,
तिथे माझं ताट, आणि शेजारी
एक बाळ जगाला कंटाळून रडणारं.

गेलेल्यांसाठी सगळे उठले.
बकलं तशीच, रांगेनं, डोळ्यांच्या उंचीवर.
त्याला इलाज नाही.
आईसाठी मी पेला रिकामा केला.

मग पाण्याचा जग ओढला.
एक ग्लास.
नतेला टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून बघत होती.
दुसरा भरला.