सर्वात शेवटचा नियम

दुपारी दीडला लाइट गेली. लॅपटॉपवर अठरा टक्के.
बाजार समितीच्या अ‍ॅपला आलेली प्रत्येक विनंती
एकाच दारातून परत: ‘पान सापडले नाही’.
भाव मागितला, तेच. पावती मागितली, तेच.
फोनवर मुनीम लांजेवार, तिसऱ्यांदा.

छपरीत बाबा तुरीच्या शेंगा सोलत होते,
तीस वर्षं सायकलवर डाक वाटलेला माणूस.
‘का झालं वं?’
सांगितलं जमेल तसं: पत्ता येतो,
सर्व्हर यादी वरून वाचत येतो,
जुळलं की तिथंच थांबतो.

‘मंग सगळ्यात वरतं काय लिवलं तू?’

पिपरीत डोमाजी भोयर तीन.
एक नहराजवळचा, एक आटाचक्कीचा,
एक नुसताच डोमाजी.
‘पयले चक्की पाहाची, मंग नहर.
नुसतं नाव शेवटी.
अन् कोणाचंच नसन, तं मंगच परतीचा शिक्का.’

माझा ‘काहीही येवो’वाला नियम
यादीच्या डोक्यावर बसलेला,
काल रात्री पेंगत मीच बसवलेला.
उचलून तळाशी नेला. चार टक्के.
लांजेवारच्या फोनवर तुरीचा भाव उघडला.

मग विचारलं, शिक्का किती वेळा मारला?
बाबा टोपलं हलवत राहिले.
‘एक डाव. सुगंधाबाईचं होतं.
ते माहेरी गेलती. मले ठावं होतं कुठी.
घाई होती त्या दिशी.’

रात्री लाइट आल्यावर
शेवटच्या नियमातली ओळ खोडली.
तिथे लिहिलं: ‘कोणाकडे जायचं होतं?’