पाचवा माग

तिची पहिली वायर मी जोडली, हे कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही.
नसू दे.
वूच शहर, एकाहत्तरचा फेब्रुवारी, सूतगिरणीचं कॅन्टीन,
कोबीच्या सूपचा वास भिंतींनी धरून ठेवलेला.
प्रेक्षक अकरा. त्यातले तिघे वरून पाठवलेले,
ओव्हरकोटही न काढता बसलेले.

हाल्श्काने आईची चादर टांगली,
तिच्यावर प्रोजेक्टरने पाडला आईचाच तळहात,
भिंतीएवढा,
धोट्याने कापलेल्या रेघांसकट.
मग चेलो घेऊन ती वाजवू लागली
चाळीस मागांच्या धडधडीबरोबर.
(टेपचा स्पीकर चेलोच्या पोटात मीच बसवला होता.)
"याला काय म्हणायचं?" एका ओव्हरकोटाने विचारलं.
"पाळी," ती म्हणाली. "दुसरी पाळी. दहाला सुटेल."

आई पहिल्या रांगेत. तीस वर्षं मागांवर काढून
कानांनी केव्हाच रजा घेतलेली.
हाल्श्काने तिचा हात चेलोच्या पाठीवर ठेवला.
म्हातारी बराच वेळ गप्प.
मग एकदम, बहिरी माणसं बोलतात तसं ओरडून,
"पाचवा माग ढिला आहे! जॉबरला सांगा!"

ओव्हरकोट हसले. एकाने टिपूनही घेतलं.

पुढचं म्हणे सगळ्यांना ठाऊक आहे:
बर्लिन, ओसाका, मॉन्ट्रियल,
काचेचा ऑर्गन, धुक्यावर पाडलेले चेहरे,
कुठलासा पुरस्कार, जो कस्टममध्ये अडकला
आणि अजून तिथेच असावा.
मला आठवतात ते फ्यूज.
दर देशात प्लग वेगळे, आणि दर देशात
प्रयोगाआधी तिच्या शिंका, तीनच.
एकदा तिसरी आलीच नाही; अर्धा तास पडदा उघडला नाही.

आता गिरणीचंच म्युझियम झालंय.
काचेआड चादर, इस्त्री केलेली.
टेप धुऊनपुसून संगणकात भरलीय.
परवा ती आली काठी टेकत, दोन्ही कानांत यंत्रं;
ती काढून खिशात टाकली
आणि स्पीकरवर तळहात टेकवला.
क्युरेटर पोरगी श्वास रोखून उभी.
"स्वच्छ आहे," हाल्श्का म्हणाली. "फार स्वच्छ.
पाचवा कुठाय?"
पोरीने फोनवर लिहून दाखवलं:
तो दोष होता. काढून टाकला.

हाल्श्का काहीच बोलली नाही. माझ्याकडे पाहिलं फक्त,
प्रयोगाआधी पाहायची तसं: वीज आहे ना?

म्युझियम सहाला बंद होतं.
पावणेसहाला, पहारेकरी चहाकडे वळला तेव्हा,
मी डाव्या स्पीकरचा एक स्क्रू
पाऊण फेरा सैल केला.