घर क्रमांक सतरा

हिल्ट्रूट आकरकांप यांचं पत्र सोमवारी आलं.
निळी शाई, जपून काढलेलं अक्षर,
सोबत नकाशावरून छापून घेतलेला रस्ता:
वुपर्टालचा चढ, पंधरा नंबर, एकोणीस नंबर
आणि मधे ओल्या बोटानं पुसल्यासारखं
राखाडी काहीतरी.

ते त्यांचं घर.

जुनी फाईल तळघरात सापडली.
अर्जदार एकेहार्ट आकरकांप, झुलत्या रेल्वेचा फिटर, निवृत्त.
'माझं घर पाहायचं असेल तर बेल वाजवा.
मोटारीवर खांब, खांबावर डोळा लावून
कुंपणावरून डोकावणाऱ्याला
आमच्या गल्लीत चांगलं नाव नाही.'

तेव्हा असे अर्ज गठ्ठ्यांनी येत.
मी नोकरीत नवी होते.
शिक्का मारताना वाटायचं,
एका दांडग्याच्या मुठीतून
एकेक खिडकी सोडवून घेतेय.

आता तसं वाटत नाही.
आम्ही सहा जण, एक किटली,
समोर वकिलांची अख्खी इमारत.
दंड ठोठावला तर ते भरतात,
पार्किंगची पावती भरावी तसा,
आणि गाडी तिथेच उभी.
'पुसलं' म्हणतात ते गालात गोळी दाबलेल्या पोरासारखं,
आ कर म्हटलं की आ करतात,
जीभ मात्र उचलत नाहीत.
आणि मी? मीही रात्री बारीक अक्षरांच्या तळाशी जाऊन
'मान्य आहे' दाबते,
कारण बसचं वेळापत्रक त्याच्या पलीकडे असतं.

पण सतरा नंबर आम्ही जिंकलो होतो.
कायद्यानं सांगितलं, त्यांनी पुसलं.

बाई लिहितात:
ती मोटार आली तेव्हा एकेहार्ट कुंपण छाटत होता.
मी खिडकीतून पाहिलं. हातातली कात्री तशीच उघडी,
तो थेट त्या डोळ्यात बघत राहिला, मोटार वळेपर्यंत.
मग आत आला आणि जेवणाआधीच अर्ज लिहायला बसला.
एकेहार्ट फोटोला कधी उभा राहिला नाही.
लग्नाच्या फोटोतसुद्धा पाद्र्याकडे बघतोय.
माझ्याकडे त्याचे कान आहेत, पाठ आहे,
मासे धरलेले हात आहेत.
समोरून चेहरा एकदाच निघाला,
तोही रागावलेला, तोही तुमच्या शिक्क्याखाली.

अर्ज मागे घेता येईल का,
असं त्यांनी कंपनीला विचारलं होतं.
उत्तर आलं: नाही. मूळ चित्र कायद्यानुसार नष्ट.
आपल्या खासगीपणाचा आम्ही आदर करतो.

पत्राच्या शेवटी, शाई थोडी फिकी:
'वर्तमानपत्रात तुम्हीच सांगत असता
की ही माणसं खोटं बोलतात.
इथेही बोलली असतील का, एवढं कळवा.'

मी भिंग घेतलं.
धुक्याची कड जिथे संपते
तिथे पंधरा नंबरच्या फरशीवर एक सावली राहून गेली आहे,
दोन लांब पाती, उघडी.
ती कुणी पुसली नाही.
सावलीसाठी अर्ज नव्हता.

साहेबांनी मसुदा दिला: 'पडताळणी झाली आहे.'
पडताळणी म्हणजे काय ते मला माहीत आहे.
त्यांनी एका चौकोनात बरोबरची खूण केली,
आम्ही ती खूण पाहिली.

मी तसंच लिहिलं, अगदी तेवढंच,
ती खूण आम्ही पाहिली,
आणि सावलीभोवती पेन्सिलनं
एक हलका गोल काढून पाठवला.

सही करताना लक्षात आलं,
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
त्यांनी कायदा मोडला असावा असं मला वाटतंय.
कुठल्यातरी थंड तळघरात, पंख्यांच्या घरघरीत,
एक म्हातारा अजून उभा असावा,
कात्री उघडी, नजर सरळ,
नाही म्हणत.