एकोणतीस

नँटगोगला यायला अँब्युलन्सला चाळीस मिनिटं लागतात,
तेही रस्त्यात मेंढ्या नसतील तर.
म्हणून गुरुवारी चॅपलच्या हॉलमध्ये
रबरी छातीचा बाहुला पडलेला असतो
आणि आम्ही अकरा जण आळीपाळीने त्याला वाचवतो.

नेरिस ओरडते, जोरात, कणीक नाही मळत आहेस!
टिदिरचे हात कोकरं ओढून काढणारे,
पहिल्याच दिवशी स्प्रिंग मोडून बसला.
मी घाईत इंग्रजी आकडे विसरते,
मराठीत मोजते.
एकोणतीसला सगळे हसतात.

फोनचा लाल डबा आता फोनचा नाही.
त्यातल्या यंत्रासाठी केक विकले, खोगिरं विकली,
एलिनेडने तर नवऱ्याचा ट्रॉम्बोन.

फेब्रुवारीत एम्रिस दुधाच्या टाकीपाशी कोसळला.
नेरिस यंत्र घेऊन धावत आली, एकाच पायात बूट.
टिदिर केव्हाचा गुडघ्यांवर, घामाघूम,
आणि मोजत होता
अटावीस, एकोनटीस, टीस

परवा एम्रिस हॉलमध्ये आला.
तीन बरगड्या मोडल्यास माझ्या, टिदिरला म्हणाला,
अंड्यांचा ट्रे टेबलावर आदळत.
मग कोट काढून
बाहुल्याशेजारी बेताबेताने बसला.
मला म्हणाला, एकपासून शिकव.
मला शेवटचे तीनच ऐकू आले होते.