पान उलटणारी

तीन दिवस माझ्या गळ्यातल्या पट्टीवर
नावाच्या जागी छापलं होतं : हाताळणी.
रुकय्या परकार, मुक्काम मुहर्रक, मूळची दाभोळची,
हे तिथे मावलं नसतं,
किंवा मावतं का, कुणी बघितलं नाही.

सभागृहात थंडी हाडात शिरणारी.
चहाला बाहेर पडलं की दमट हवेत सगळ्यांचे चष्मे एकदम पांढरे,
आणि जगभरचे विद्वान
खजुराची ताटली चाचपत उभे.

पोथी घोड्यांच्या आजारांवरची. सातशे वर्षांची.
तिला फेसाच्या उतारावर निजवायचं,
कण्याला ताण न देता,
आणि कुणी "पुढचं" म्हणालं की उलटायचं.
हातमोजे का नाहीत, पहिल्याच दिवशी एकानं दचकून विचारलं.
मोज्याला कागद कळत नाही, म्हटलं.
म्हणून तर ईदलाही मी तळहात कोरे ठेवते,
अंगठी डब्यात,
साबण बिनवासाचा.

लुब्लियानाहून आलेली बाई हिरव्या रंगावर बोलली.
जंगाल. तांब्यापासून करतात.
चितारणाऱ्यानं खोगिराला तो हौसेनं लावला
आणि रंगानं सावकाश कागद खाल्ला.
आता घोडा आहे, लगाम आहे,
खोगिराच्या जागी भोक,
भोकातून मागच्या पानावरचं पोटदुखीचं औषध दिसतं.
लोक हसले. टाळ्या.
मी उलटलं.

ही अक्षरं मला लहानपणापासून येतात.
मराठी शाळेतून आल्यावर, पायांचा चिखल वाळायच्या आत
मदरशात बसून घोकलेली.
वाचता येतं, कळत नाही.
त्यांना कळतं, आणि हात पाठीमागे बांधून उभं राहावं लागतं.

उजव्या पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, तिरका,
पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो,
बांधणाऱ्याची गफलत होऊ नये म्हणून.
एके ठिकाणी तळाशी शब्द एक, पुढे भलताच.
चाळीस मिनिटं वाद.
कैरोचे प्राध्यापक म्हणाले, नकलनविसाला डुलकी लागली असणार.
माझं बोट तोवर शिवणीवर होतं.
दोरा तिथे दुसरा आहे, पीळ उलटा.
पान कुणीतरी काढून नेलंय.
बोलले नाही. पट्टीवर तसं काही लिहिलं नव्हतं.
नंतर चहाला त्या लुब्लियानाच्या बाईला सांगितलं.
तिनं कप खाली ठेवला
आणि माझं नाव विचारलं. दोनदा.

निरोपाच्या भाषणात जाहीर झालं :
दोन महिन्यांची शिष्यवृत्ती, बर्फाच्या गावात,
जुन्या बांधणीच्या कार्यशाळेत, विमानभाड्यासह.
पदवी आवश्यक, किंवा समतुल्य अनुभव.

या समतुल्यवर मी रात्रभर बसलेय.
काय लिहू? अब्बांचं दुकान, बंदराच्या वाटेवरचं?
मचव्यांच्या हिशेबाच्या वह्या, शाळेची हजेरीपुस्तकं,
एकदा कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराची यादी,
कापडी पाठ लावून, सोनेरी अक्षरांत?
खळ शिजवायची मी. कसर लागू नये म्हणून
अब्बा त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे.
तेही तांबंच. पण कागद वाचवणारं.
किती टाकायचं, ते वजन करत नसत.
माझ्या चिमटीत अजून तेवढंच येतं.

मुदत : मध्यरात्र, पृथ्वीवर कुठेही.
असली कुठली मध्यरात्र, शिनोजला विचारलं,
आमचा संगणकवाला.
तो म्हणाला, चेची, जगात एका जरी जागी काल शिल्लक असला
तरी अर्ज चालतो.
आपल्याकडे उद्या दुपारी तीनपर्यंत.

फजरची अजान होऊन गेली.
समोरच्या भट्टीतून खुबूज निघायला लागलेत,
सायकलवाला पोरगा थप्पी उराशी धरून.
कुठेतरी अजून कालच आहे.
शिफारस करणाऱ्या दोघांची नावं कोरी.
एका जागी त्या बाईचं टाकीन, तिची हरकत नसेल तर.
दुसरीचं बघू.

अनुभवाच्या चौकटीत एक शब्द लिहून झालाय :
मोरचूद.

शिनोज उठला की विचारते
याला इंग्रजीत काय म्हणतात.